इवायांच्या मोटारीची काच

मु. डोंगरकडा
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८६४

तीर्थरूप व्यंकटदादास,

धाकटी बहीण मनकर्णा हिचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं सगळी खुशाली हाय, तुमच्याकडली कळवत जा. (असं लिहायची रीत हाय म्हून लिहिलं. इकडं खुशाली काहीच न्हाई.) तुमचा दमा कसा हाय? अडुळशाचा काढा पिता का नुस्ता उशाशी ठेवता? वैनीचा गुडघा अजून ठणकत असंल तर तीळतेल लावा, पण बिब्बा घरात आणू नका. बिब्ब्याचं काय झालं ते पुढं येतंच.

आता कामाचं. मागल्या पत्रात मी तुमाला मोटारीची काच मागितली, तर तुमी उलट टपाली लिहिलं की लढाई चालू हाय, इलायतेचा माल येईना, आमच्या सर्व्हिसच्या मोटारींना बी पुठ्ठे ठोकून राहिलेत. दादा, मी काही महाल बांधून राहिले न्हाई. वीतभर उंच अन् दोन हात लांब, एवढी एकच काच पाह्यजे. जर्मन अन् इंग्रज यांनी मिळून जगातली सगळी काच फोडली, एक बी ठेवली न्हाई, हे मला पटत न्हाई. तुमी हिंगोलीच्या मोटार हपिसात खुर्चीवर बसता, चार डायवर तुमाला सलाम करतात, अन् सख्ख्या बहिणीला काच मिळत न्हाई म्हणजे तुमी माझं पत्र अर्धंच वाचलं. तुमी लहानपणापासून तसेच. म्हून पहिल्यापासून सांगते. दम खात खात वाचा, पण पुरतं वाचा.

आमचे इवाई, शकूचे सासरे तातेराव यांनी मागल्या साली जागीरदाराच्या घरच्या दोन जुन्या मोटारी घेतल्या. एक चालती अन् एक मेलेली. मेलेलीचे हातपाय काढून चालतीला लावायचे, असा हिशेब. मेलेली त्यांच्या औंढ्याच्या गोठ्यात म्हशीशेजारी उभी हाय (म्हैस तिला अंग घासती म्हणे), अन् चालती ती उघडी, कापडी टप पाठीमागं पाडायचा, पितळेची चौकट अन् तिच्यात एकावर एक अशा दोन काचा. शकूला सातवा लागला तवा इहीणबाई नर्मदाबाईनं निरोप धाडला की पहिलटकरीण पोरगी बैलगाडीचे धक्के खात माहेरी जाणार न्हाई, आमची मोटार आत्ताच घेऊन जा, चालवायला शिका, अन् रंगपंचमीला तिच्यातच बसवून पोरगी न्या. बोलणं गोड होतं. पण त्या बाईचं गोड बोलणं म्हणजे तुपात तळलेलं कारलं, खाल्ल्यावर कळतं.

मोटार आली तशी तुमच्या दाजीची अक्कल गेली. ज्या माणसाला बैलाची वेसण धरता येत न्हाई तो डोळ्याला गॉगल लावून गावभर भोंगा वाजवत हिंडायला लागला. लोक हात लावून जात, म्हातारी माणसं पाया पडत, अन् तिसऱ्या दिवशी मोटार वेशीत बंद पडली. सगळ्या बाया म्हणल्या, दिष्ट लागली, नारळ ओवाळा. गुरवाला बोलावलं तर तो अर्धा घंटा नुस्ता ओल्या पंच्यानं हात पुसत बसला. मी चुलीवर वरण टाकून आलेले. (तुमी म्हणालच, मनीला दम न्हाई. न्हाईच हाय. दम धरून कुणाचं भलं झालं?) मी नारळ त्याच्या हातून घेतला, मोटारीवरून तीनदा ओवाळला, अन् म्होरच्या दगडावर आपटला. नारळ फुटला न्हाई. दगडावरून उडाला तो थेट वरच्या काचेवर. नारळ शाबूत, काच फुटली. जन्मात असं कुठं पाह्यलं न्हाई. मोटार मात्र हँडल मारताच चालू झाली, तर गुरव म्हणतो कसा, "बाई, दिष्ट निघाली बघा." मी त्याला दक्षिणा दिली न्हाई.

मागल्या पत्रात मी नुस्तं 'काच फुटली' असं लिहिलं होतं. आता कुणी फोडली ते तुमाला कळलं. त्यावर पुन्हा बोलू नका.

मग दुरुस्ती सुरू झाली. सुतार म्हणला, तुकडे हायेत तर लाख अन् बिब्ब्याचं तेल लावून सांधतो, पत्ता लागणार न्हाई. सांधली. काच अशी दिसायला लागली की कुणी पान खाऊन तिच्यावर थुंकलंय, अन् उन्हात ठेवली तर लाख वितळून तुकडे एकएक करून खाली उतरले. वरून बिब्बा उतून सुताराची बोटं काकडीएवढी झाली अन् तुमच्या दाजीच्या नाकावर फोड आला, म्हणजे नाकानं काय काम करून राहिले होते ते देवाला ठाऊक. 

त्यावर माझ्या ध्यानात आलं की शकूच्या लग्नात तुमी दिलेला लांब आरसा बरोबर त्या मापाचा हाय. (रागावू नका. पोरगी गेल्यापासून त्यात पाहायला होतं तरी कोण?) पाठीमागला पारा चिंच अन् राखेनं घासला की आरशाची साधी काच होती, हे मला कासारणीनं सांगितलं होतं. पण घासायच्या आधी बसतो का न्हाई ते पाहावं म्हून आरसा चौकटीत बसवला, चकाकती बाजू भायेर करून. तुमचे दाजी म्हणले, फक्त वेशीपर्यंत नेऊन आणतो, मान बाजूला काढून पाहीन. समोरून तांड्यावरचा थावरा बैलगाडी घेऊन येऊन राहिला होता. त्याच्या पांढऱ्या बैलानं पाह्यलं, तर मोटारीत एक तसाच पांढरा बैल, तशीच शिंगं रंगवलेली, अन् डोळ्यात डोळे घालून पाहून राहिला. तो बैल जू मोडून सुटला अन् दिली टक्कर. आरशाचं पीठ झालं. मी थावराला मोप बोलले, तर तो हात जोडून म्हणतो, "बाई, माझ्या बैलाची चूक न्हाई. त्यानं इतका देखणा बैल जन्मात पाह्यला न्हवता." बैलाला ओवाळून परत पाठवला.

इथवर हसण्यावारी गेलं दादा, आता पुढचं ध्यान देऊन वाचा. इवायांच्या गोठ्यात ती मेलेली मोटार हाय, तिची काच शाबूत हाय का, एवढंच मला शकूकडून काढून घ्यायचं होतं. असली तर कुणाला तरी धाडून गुपचूप आणता आली असती. म्हून मी शकूला चिठ्ठी लिहिली, स्वतःच्या हातानं, अन् बांगड्या भरायला गावोगाव हिंडती त्या अनुसयाबाई कासारणीच्या टोपलीत बांगड्यांच्या गवतात खुपसून दिली. अन् दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर कळू नये म्हून मोटार हा शब्द मुद्दाम लिहिला न्हाई. हुशारी केली. चिठ्ठी अशी होती, मला पाठ हाय:

"चि. शकूस आशीर्वाद. तुझ्याकडं काच हाय का? असंल तर किती हाय, नीट पाहून बराबर कळव. कुणाला कळू देऊ नको. इकडं तुझ्या बापाला अन्न गोड लागंना. निरोप अनुसयाबाईपाशी दे."

आता तुमच्या ध्यानात आलं का? माझ्या न्हाई आलं. आठ दिवस आलं न्हाई. मी आपली काचेची वाट पाहून राहिले, अन् ती चिठ्ठी शकूच्या उशीखाली इहीणबाईला सापडली. त्यांना वाचता येत न्हाई, म्हून चावडीवर नेऊन पटवाऱ्याकडून वाचून घेतली, भर माणसांत. पटवाऱ्यानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचायला कुणी सांगितलं न्हवतं. माय सासरी असलेल्या लेकीला लिहिती की काच हाय का, किती हाय, कुणाला कळू देऊ नको, तर ऐकणारानं काय समजावं? औंढ्यात मोटारीच्या काचेचा इचार कुणाच्या बी डोक्यात आला न्हाई. सगळ्यांच्या डोक्यात सासूचाच काच आला, म्हणजे जाच.

परवा त्यांचा गाडीवान किसनसिंग आला. उंबऱ्याच्या भायेर उभा राहून त्यानं पाठ केल्यावाणी सगळं म्हणून दाखवलं: "नर्मदाबाईनं सांगितलंय, आमच्या घरात सुनेला काच हाय असं तुमाला वाटतं, तर चार माणसं घेऊन या, नागनाथाच्या पायरीवर हात ठेवा, अन् कुणी पाह्यला ते सांगा. तवर सून उंबऱ्याच्या भायेर पडणार न्हाई." मी म्हटलं, आत ये, पाणी पी. तो म्हणला, "तुमच्या घरचं पाणी पिऊ नको म्हून सांगितलंय. चहाचं काही बोलल्या न्हाईत." दोन कप प्याला. जाताना अंगणात मोटारीवर मी चार गोधड्या टाकून ठेवल्यात त्या पाहून इचारतो, "मोटारीला थंडी वाजती काय बाई?" म्हटलं, व्हय, हिवताप हाय.

आता माझी दोन्हीकडून कशी कोंडी झाली पाहा. खरं सांगावं की मी मोटारीची काच इचारली, तर मोटार फोडली हे कबूल करावं लागतं, अन् त्या बाईच्या हातात जन्माचं कोलीत येतं. न सांगावं तर मी तिच्या घरावर बट्टा लावला असं होतं, अन् पोरगी अडकून पडती. अन् पंचमी हुकली की आठवा लागतो. आठव्यात गरवार बाईला वेस ओलांडू देत न्हाईत, हे तुमाला सांगायला नको. म्हणजे बाळंतपण तिथंच. अन् तिथली सुईण कोण, तर इहीणबाईची चुलती, जिला दिवसाढवळ्या दारातली म्हैस दिसत न्हाई. पहिली खेप हाय दादा. मी दिसायला खंबीर हाय, पण कालपासून तीनदा भाजीत मीठ टाकून राहिले, एकाच भाजीत. तुमचे दाजी म्हणतात, सरळ जाऊन पाया पडू. यांना पाया पडायची लय हौस. माझा बाप कुणाच्या पाया पडला न्हाई. (तुमचा बी तोच बाप. ध्यानात ठेवा.)

म्हून दोन गोष्टी करा. एक, काच पाठवा, कुठून बी. दुसरं, इवाई तातेरावांना तुमच्या हपिसातल्या वळणदार अक्षरात एक पत्र लिहा. हे लग्न तुमी जमवलं, ते तुमाला मानतात. त्यांना समजावून लिहा की 'काच' हे शब्द दोन हायेत. एक ती काच, अन् एक तो काच. माझ्या बहिणीनं ती इचारली, तो न्हाई. कंदिलाची काच इचारली असं लिहा. कंदील तर सगळ्यांच्याच घरी असतो. तुमी तर शिकलेले, काही तरी जुळवा. पण मोटारीचं नाव घेऊ नका.

लेकरांना आशीर्वाद, वैनीला नमस्कार. कमीजास्त लिहिलं असंल तर पोटात घालू नका, उत्तर लिहा.

तुमची बहीण
मनकर्णा

ता. क. आरशाचं वैनीला सांगू नका. तो त्यांनी पसंत केला होता.

ता. क. दुसरा. आज द्वादशी. टपाल निघालं न्हाई म्हून पत्र घरातच होतं, बरं झालं. आत्ता दुपारी अनुसयाबाई आली. औंढ्याहून निघाली ती गावं करत करत आली, म्हून दहा दिवस लागले. आल्या आल्या मी इचारलं, काच हाय का? ती टोपली खाली ठेवून म्हणली, "हाय." मला एवढा आनंद झाला दादा, मी म्हटलं, शाबूत हाय का ग? तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

चिठ्ठी सापडायच्या आधी शकूनं ती वाचली होती, अन् जबाब अनुसयाबाईच्या कानात सांगितला होता. तो असा: "माय, तू इचारलं म्हून सांगते, न्हाईतर सांगणार न्हवते. काच हाय. लय न्हाई. मारत न्हाईत, उपाशी ठेवत न्हाईत. पण आडाचं पाणी अजून माझ्याच डोईवर हाय. पाय सुजलेत, जोडवी बोटांत रुतलीत, काढते म्हटलं तर सासूबाई म्हणतात सवाष्णीनं काढायची नसतात. मामंजींना मी सांगितलं न्हाई, त्यांना घरातलं काही ठाऊक नसतं. तुला कसं कळलं माय? मी तर कुणाला बोलले न्हवते."

मी काय सांगू तिला, मला कसं कळलं?

अनुसयाबाई म्हणली, संक्रांतीला भरल्या त्याच मापाच्या बांगड्या आता तिच्या मुठीवरून चढंनात, मनगट असं झालंय की बोट दाबलं तर खळगा पडतो अन् तसाच ऱ्हातो. तीस वर्षं बाळंतिणींचे अन् गरवारणींचे हात हातात घेतलेली बाई हाय ती. मला म्हणली, पंचमीची वाट पाहू नका.

तेव्हा वरचं पत्र लिहायचं ते लिहू नका. कंदिलाची काच अन् ती अन् तो, काही नको. मी इहीणबाईला सांगणार हाय की मी इचारला तो बराबर इचारला, अन् तोच इचारला होता. अन् मोटारीची काच बी मीच फोडली, नारळानं. दोन्ही एका दमात सांगते, म्हणजे त्यांना कशाचा राग आधी करावा ते सुचायला येळ लागंल, तवर पोरगी मोटारीत बसंल. तुमचे दाजी आत्ता गोधड्या काढून राहिलेत. काच नसली तर धूळ खाऊ, डोळ्यावर पदर घेईन. यांना गॉगल हायेच.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालात टाकत न्हाई, तुमच्याच सर्व्हिसच्या डायवरच्या हातानं पाठवते, त्यानं संध्याकाळच्या आत द्यायचं कबूल केलंय. काच नको. पेट्रोल द्या. आमच्याकडं कसंबसं हिंगोलीपर्यंत पुरंल एवढं हाय. लढाई हाय, चिठ्ठीबिगर मिळत न्हाई, सगळं ठाऊक हाय, मला पुन्हा लिहू नका. उद्या सकाळी आमी तुमच्या दारात येतो, डबा भरून ठेवा, अन् तुमी कोट घालून तयार ऱ्हा, औंढ्याला संगं यायचं. इवाई तुमच्यासमोर न्हाई म्हणणार न्हाईत.

अन् येताना शकूला डोंगरकड्याला आणत न्हाई. इथं दवाखाना न्हाई, हिंगोलीत हाय. तुमच्याच घरी उतरवते, बाळंत होईस्तवर. मामाचं घर बी माहेरच असतं. सोनाराला सांगून जोडवी कापायची हत्यारं मागून ठेवा. वैनीला इचारून व्हय म्हणू नका. आधी व्हय म्हणा, मग इचारा.